विक्रीपश्चात सेवा

“शेठ, ही जाळी तुमच्याच दुकानातली ना?”

“हो. का?”

“मग हे बी तुमचंच.”

असं म्हणून एका द्राक्षबागायतदाराने माझ्या काउंटरवर जाळीचा गुंडाळा ठेवला. गुंडाळ्यातून दोन पिवळेजर्द डोळे माझ्याकडे बघत होते, आणि नजर अशी, की उधारी माझीच थकली आहे. पिंगळा होता. रात्री किड्यांच्या मागे बागेत शिरला आणि पाखरांपासून द्राक्षं राखायला लावलेल्या जाळीत गुंतला. बिचाऱ्याने जन्मात द्राक्ष चाखलं नसेल; तो पक्का मांसाहारी. पण जाळीला हे कोण सांगणार!

माझं कृषी सेवा केंद्र आहे. पुणे–नाशिक रस्त्यावर मंचर मागे पडलं आणि नारायणगाव अजून यायचंय, अशा जागी. त्यामुळे आंबेगाव तालुक्याचं गिऱ्हाईक मला आपला समजतं आणि जुन्नरचंही. उधारी मागायला गेलो की मात्र दोघांनाही मी पलीकडच्या तालुक्यातला वाटतो. दुकानात बियाणं, खतं, जाळ्या, फवारणीचे पंप आणि औषधं. आमच्या भागात ‘औषध’ हा शब्द फार मोठ्या मनाचा आहे. अळी मारायचं ते औषध, उंदीर मारायचं ते औषध, तण जाळायचं तेही औषध. ज्याच्या दुकानात भिंतभर औषधं, त्याला एक पाखरू बरं करता येऊ नये? लोकांचा हा हिशेब मला आजवर खोडता आलेला नाही.

नेलकटरने एकेक धागा तोडून पिंगळा मोकळा करायला तास गेला. मजुरी म्हणून त्याने माझ्या अंगठ्याचा लचका घेतला. दिवेलागणीला दुकानामागच्या चिंचेवर सोडला, तेव्हा फांदीवर बसून त्याने दोनदा मान खाली-वर केली आणि गेला. बागायतदाराने “जाताना शेठला नमस्कार केला” अशी बातमी गावभर केली. पिंगळे कुणाकडेही बघून अशी मान हलवतात, त्यांना समोरच्या वस्तूचं अंतर जोखायचं असतं. पण हे सांगेपर्यंत उशीर झाला होता. आठवडाभरात एक ढोकरी, दोन होले आणि मांजराने अर्धवट सोडलेली एक साळुंकी माझ्या खात्यावर जमा झाली.

तेव्हापासून हे चालू आहे. पक्षी कोणता ते मला नंतर कळतं; कुठून आला ते बारदानावरून आधी कळतं. नारायणगावाकडचा पक्षी टोमॅटोच्या क्रेटमधून येतो. वर दुसरं क्रेट उपडं, भोवती सुतळीचे एवढे वेढे की आत बिबट्या असावा. मंचरकडचा येतो कांद्याच्या जाळीदार गोणीतून. तिच्यात त्याची नखं गुंततात, म्हणजे आधी कांद्यातून सोडवायचा आणि मग दुखण्याकडे बघायचं. जुन्नरच्या बागेतला पाहुणा मात्र थाटात असतो. द्राक्षाची पुठ्ठ्याची पेटी, हवेची भोकं कारखान्यातूनच पाडलेली, आत मऊ कागद. अशा पेटीतून एकदा एक साळुंकी आली. पेटीवर ‘निर्यातक्षम’ असं छापलेलं होतं आणि बाईंनी तो मजकूर वाचलेला असावा. चार दिवस माझ्या हातचं काही पसंत केलं नाही. हायवेवरून येणारा पक्षी हेल्मेटमधून येतो. तो काढून घेतला की आणणारा हेल्मेटच्या आत वाकून बघतो, थोडा विचार करतो आणि उरलेला प्रवास कायदा मोडून करतो.

सगळ्यात कमी पक्षी येतात डिंभ्याच्या वरच्या अंगाच्या आदिवासी गावांतून. ती माणसं हिरडा घालायला बाजाराला येतात, बियाणं घ्यायला माझ्याकडे येतात, माझ्या पाहुण्यांवरून एक नजर फिरवतात आणि विचारतात, “ह्याला आणला कशाला?” या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नसतं. जाताना ते त्या पक्ष्याचं असं नाव सांगून जातात, जे गल्ल्याशेजारी ठेवलेल्या मारुती चितमपल्लींच्या ‘पक्षिकोशा’तही मी शोधत बसतो.

पक्षी माझ्यापर्यंत पोचतो तो प्रथमोपचार होऊन. हे प्रथमोपचार फार वाईट. माणूस भोवळ येऊन पडला की आपण पाणी पाजतो आणि कांदा हुंगवतो, पाखरालाही तेच. मंचरच्या बाजूला कांद्याची ददात नाही. एका घारीच्या नाकाशी फोडलेला कांदा धरून तिला मोटारसायकलवर नऊ किलोमीटर आणलं होतं. तिची शुद्ध गेलेलीच नव्हती, ती फक्त भ्यायली होती. कांद्यानंतर चिडलीही. पाण्याचं तर विचारूच नका. पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या बुडाशी असतं. चोच उघडून वरून पाणी ओतलं की ते थेट फुप्फुसात जातं. आपण पहिलं पाणी म्हणून पाजतो, त्याचं ते शेवटचं ठरतं. दूधही असंच; पाखराच्या पोटाला दूध पचत नाही. पण गोठ्यात चार जर्सी असलेल्या माणसाला हे पटवायचं कसं? “शेठ, दूधच ते! दुधानं कुणाचं वाईट झालंय का?” जगात दुधावर वाढलेला एकही पोपट नाही, हे मी डेअरीच्या चेअरमनला सांगून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर दूधदर पाडल्यासारखं दुःख उमटलं.

ओळख पटवणं हा पुढचा विषय. जनतेच्या दृष्टीने पक्ष्यांच्या तीन जाती: चिमणी, कावळा आणि गरुड. बाकदार चोच दिसली की गरुड. शिक्रा गरुड, घार गरुड, आणि एकदा तर पाकोळी आली ती ‘गरुडाचं पिलू’ म्हणून. पाकोळीचं आयुष्य हवेत जातं. पाय इतके आखूड, की जमिनीवर पडली तर उठून उडणं तिला फार जड. तिला काहीही झालेलं नसतं, फक्त उंची कमी पडलेली असते. मी स्लॅबवर गेलो, तळहातावर तिला वाऱ्याच्या तोंडाशी धरली. ती थोडी थरथरली आणि निघून गेली. सगळं मिळून दोन मिनिटं. पण आणणारा बारा किलोमीटरवरून आला होता. “एवढंच?” तो म्हणाला. त्याला पट्टी, इंजेक्शन, निदान मलम तरी हवं होतं. त्याला मी चहा पाजला. माझ्या अनुभवात निम्मे उपचार आणणाऱ्यावरच करावे लागतात.

एकदा एका वाड्याच्या माळ्यावरून रात्रभर फुत्कार येत होते. घरच्यांनी सर्पमित्राला बोलावलं. तो काठी-पिशवी घेऊन माळ्यावर चढला आणि दुप्पट वेगाने उतरला. “साप नाहीये,” तो म्हणाला, “पण जे आहे ते साप असतं तर बरं.” मग मला बोलावणं आलं. वर गव्हाणी घुबडाची तीन पिल्लं उभी होती. पांढरा कापूस अंगाला चिकटवलेली, बदामासारखी तोंडं, लांब टांगा, आणि अनोळखी माणूस दिसला की एकसुरात फुत्कारणारी. तोवर वाड्यातल्या नातवाने व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला होता: ‘परग्रहावरचे जीव’. आता योगायोग बघा. वाड्यापासून जवळच खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या वर्षानुवर्षं आभाळाकडे कान लावून बसल्या आहेत, आणि परग्रहवासी निघाले शेजारच्या माळ्यावर, मोडक्या पाळण्याच्या आडोशाला.

घुबड म्हटल्यावर आजीने घर सोडायची तयारी चालवली होती. घुबडाला दगड मारला तर ते तो पाण्यात नेऊन ठेवतं, आणि दगड जसजसा झिजेल तसतसा मारणाराही झिजतो, हे तिने लहानपणापासून ऐकलेलं. मी म्हटलं, “आजी, दगड मारू नका म्हणजे झालं. ही तिघं मोठी झाली की तुमच्या कणगीत उंदीर राहणार नाही.” उंदराचं औषध विकणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य धंद्याला मारक होतं. आजी थांबली, पिल्लंही राहिली. त्या वर्षी त्या वाड्यात माझ्या औषधाची एक पुडी गेली नाही, हे मी खतावणीत पाहिलं आहे.

पायात कडी असलेलं कबूतर आलं, तर ते हेर. आमच्याकडे आलं तेव्हा दुकानासमोर तीस-चाळीस माणसं जमली. एकाने कडीवरचे आकडे उलटे वाचून ते लाहोरचे पिनकोड असल्याचं जाहीर केलं. यात हसण्यासारखं काही नाही, मोठ्या शहरांतही हेच घडतं. मे २०२३ मध्ये चेंबूरजवळच्या पीर पाऊ जेट्टीवर असंच कडीवालं कबूतर पकडलं गेलं. हेरगिरीच्या संशयावरून परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात त्याने आठ महिने काढले. ते तैवानच्या शर्यतीतलं, वाट चुकलेलं निघालं. जानेवारी २०२४ अखेर सुटका झाली. आमचं कबूतर तिसऱ्या दिवशी ज्वारी खाऊन आपणहून गेलं. कुठल्या दिशेला गेलं, यावर अजून दोन मतं आहेत.

जूनच्या पहिल्या पावसात मात्र एक खरा परदेशी भासणारा पाहुणा येतो: नवरंग. रात्रीचा प्रवास करून दमतो आणि पहाटे कुणाच्या तरी ओट्यावर बसलेला सापडतो. हिरवा, निळा, पोटाशी लाल. त्याचे रंग बघून सगळ्यांची खात्री, की हा कुणा श्रीमंताच्या पिंजऱ्यातून सुटला. ग्रुपवर ‘मालकाने ओळख पटवून घेऊन जावे’ अशी सूचना फिरते आणि दोन माणसं ओळख पटवायला येतातही! त्याला खोक्यात अंधार आणि शांतता दिली की संध्याकाळपर्यंत ठीक होतो. अंधार देणं सोपं आहे. शांतता द्यायला शटर ओढून घ्यावं लागतं.

आता मुख्य तक्रारीकडे येतो. उन्हाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या पिल्लांतली बहुतेक पोरकी नसतातच. घरट्यातून उतरलेलं, पिसं फुटलेलं, आखूड शेपटीचं पिलू दोन-चार दिवस जमिनीवर, झुडपांत धडपडत उडायला शिकतं. आई-बाप जवळच असतात, चोचीत अळी धरून, आपण कधी जातो याची वाट बघत. आपण जात नाही. आपण “अरे रे, एकटंच आहे” म्हणून त्याला उचलतो. शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकात रडणारं पोर अनाथ समजून कुणी परगावी नेऊन ठेवावं, तसं हे. आणि एकदा उचललं की परत ठेवायला कुणी तयार नाही, कारण आपल्या शास्त्रात लिहिलंय की माणसाचा हात लागला की जातभाई त्याला टोचून मारतात. पक्ष्यांच्या जगात असा सोवळ्याओवळ्याचा विचार नाही. तो आपण त्यांच्या नावावर खपवला. आईला पिल्लाचा आवाज पुरतो. हात कुणाचा लागला याची ती चौकशी करत नाही.

आता मजा ऐका. ऊसतोड लागली की आमच्याकडे फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. अशा वेळी वनखात्याची माणसं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे डॉक्टर येतात, पिल्लं तपासतात आणि संध्याकाळी त्याच फडात क्रेटमध्ये ठेवून देतात. शेजारी कॅमेरा लावतात. अंधार पडला की आई येते आणि एकेकाला तोंडात धरून घेऊन जाते. गावाला हे आता इतकं पाठ झालंय, की पिलू सापडलं की कोयते खाली ठेवून लोकच म्हणतात, “इथंच ठेवा, आई येईल.” मी म्हणतो, बुलबुलाचंही असंच करू. टोपलीत पाला घालू, ज्या झाडाखाली सापडलं त्याच झाडाला बांधू. तर लगेच, “शेठ, तिची आई कुठं येतीय आता!”

बिबट मादीच्या आईपणावर विश्वास आणि बुलबुलिणीच्या नाही, हे कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. मग लक्षात आलं. बिबट्याचं पिलू परत ठेवलं नाही, तर आई चौकशीला वस्तीवर येईल, ही सगळ्यांना धास्ती आहे. बुलबुलीण फार तर तारेवर बसून ओरडेल. तिला दात असते, तर माझ्याकडे एकही पिलू आलं नसतं.

दात नसूनही वचक ठेवतो तो कावळा. एक उत्साही तरुण धापा टाकत काळसर पिलू घेऊन आला. “पाच-सहा कावळे टोचून मारत होते, शेठ. जिवावर उदार होऊन सोडवलं!” ते कोकिळेचं पिलू होतं. कावळे त्याला टोचत नव्हते, भरवत होते. सांभाळ त्यांच्याकडेच होता. म्हणजे याने दत्तक मूल आई-बापांच्या मांडीवरून उचलून आणलं होतं. परत ठेवायला मी गेलो. कावळ्यांनी पिलू स्वीकारलं आणि अपहरणाचा आळ माझ्यावर घेतला. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मुखवटे घालून कावळे पकडले होते, आणि तिथल्या कावळ्यांनी ते मुखवटे वर्षानुवर्षं लक्षात ठेवले. आमच्या कावळ्यांवर असा अभ्यास झाला असेल-नसेल, मी मात्र पावसाळा संपेपर्यंत दुकान ते घर ही दोनशे पावलं हेल्मेट घालून चालत होतो. गिऱ्हाईक विचारायचं, “गाडी कुठंय, शेठ?”

ज्यांना खरंच कुणी नाही, अशी थोडी पिल्लं उरतात. झाड तोडलं, कौलं उतरवली, घरटं गेलं. त्यांना सांभाळणं म्हणजे उजाडल्यापासून मावळेपर्यंत दर अर्ध्या तासाला भरवणं. आणि भरवायचं काय? अळ्या. माझ्या धंद्यातला हा अवघड प्रसंग आहे. दिवसभर मी टोमॅटो पोखरणाऱ्या अळीवर कोणतं औषध जालीम ते सांगतो; दुकान बंद करून त्याच शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन विचारतो, “दादा, बिनफवारणीच्या चार-दोन अळ्या मिळतील का?” फवारलेली अळी पिलाला घालणं म्हणजे विष घालणं. पण नारायणगावच्या टोमॅटो पट्ट्यात बिनफवारणीची अळी शोधण्यापेक्षा शिवनेरीवर एकांत शोधणं सोपं. शेवटी एका म्हाताऱ्याच्या परड्यात, घरी खायला लावलेल्या हरभऱ्यावर मिळाल्या. तो म्हणाला, “शेठ, तुमचं औषध मी घरच्या खाण्याला मारत नसतो.” मी अळ्या घेतल्या आणि मान खाली घालून परतलो.

वजन करावं लागतं, त्यासाठी बियाण्याचा काटा आहे. संकरित टोमॅटोचं बी दहा ग्रॅमच्या पुडीत येतं. एक शिंजीर काट्यावर ठेवला, तर पुडीचं पारडं खाली गेलं. गुरांचे डॉक्टर औषधाची मात्रा ठरवायला आले होते. त्यांचा आधीचा रुग्ण चारशे किलोची गाय. त्यांनी काट्याकडे पाहिलं, हातातल्या सिरिंजकडे पाहिलं आणि म्हणाले, “याला मी इंजेक्शनचं नाव सांगतो, तेवढ्यानेच बरा झाला तर बघू.”

शिकारी पक्ष्यांची अडचण निराळी. माझी आई माळकरी. दर आषाढीला पायी पंढरपूर, घरात कांद्या-लसणालाही वार ठरलेले. संक्रांतीच्या सुमाराला पंख कापलेली घार आली. नायलॉनच्या मांजाला हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, हे घारीला माहीत असावं. पतंगवाल्यांपर्यंत पोचायचं आहे. जखम शिवून झाली. पण घारीला मटण लागतं. ओसरीवर बसून आईने माळ ओढत खटला चालवला. मी दिल्लीचा दाखला दिला. चांदणी चौकातल्या जैन लाल मंदिरात पाखरांचं धर्मार्थ रुग्णालय आहे. शाकाहारी पाखरं तिथे दाखल होतात, मांसाहारींना बाहेरच्या बाहेर उपचार करून पाठवतात. तिथे घार घेतली नाही म्हणून दोन भावांनी घरच्या तळघरातच घारींचा दवाखाना थाटला. त्यांच्यावर शौनक सेन यांनी केलेला ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट २०२२ साली कान महोत्सवात गाजला, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला: “भूक तिची आहे, ती काय माळ घालून आली नाही. पण माझ्या उंबऱ्याच्या आत नको. गोडाऊनला ठेव.” तेव्हापासून माझ्याकडे दोन विभाग आहेत. दाणे-फळंवाले घरी, खाटीकवाले गोडाऊनला, युरियाच्या थप्पीच्या पलीकडे. एकादशीला घारीचा घास आणायला मी जातो, तेव्हा आई विचारते, “तिचं जेवण झालं का?” कशाचं, ते विचारत नाही.

पाहुणा किती दिवस ठेवायचा, हे माझ्या मर्जीवर नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. रानातला पक्षी हाती आला तर ४८ तासांत खबर द्यायची. मी फोन लावला की वनखात्याचे गार्डसाहेब पहिल्यांदा विचारतात, “बिबट्या?” मी म्हणतो, “नाही, बुलबुल.” पलीकडून सुटलेला नि:श्वास इकडे ऐकू येतो. माणूस सज्जन आणि बारकाईचा. रात्रभर कुणाच्या गोठ्याशी पिंजरा लावून आलेला असला तरी बुलबुलाचा कागद नीट करतो. पंच म्हणून समोरचा चहावाला आणि शेजारचा सलूनवाला. “नर की मादी?” गार्डसाहेब विचारतात. बुलबुलात नर-मादी सारखेच दिसतात, मी सांगतो. ते पेन थांबवून पक्ष्याकडे बघतात, पक्षी त्यांच्याकडे बघतो. चहावाला म्हणतो, “साहेब, गप आहे, नर लिहा.” सलूनवाल्याचं लग्न अजून व्हायचंय, त्याला हा विनोद कळत नाही.

याच कायद्याने मूळ यादीत कावळ्याला उंदरांच्या पंगतीला, उपद्रवी म्हणून बसवलं होतं. वर्षाचे साडेअकरा महिने उपद्रवी आणि पितृपंधरवड्यात आजोबा. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. मी ही बातमी हेल्मेटच्या आतून वाचली.

बरा झालेला पक्षी सोडणं हा खरं तर दहा सेकंदांचा मामला. पण लोकांना सोहळा हवा असतो. भारद्वाज सोडायचा होता तेव्हा तर विचारू नका. भारद्वाजाचं दर्शन शुभ, म्हणून चार दिवस माझ्या दुकानात रांग. कुणी परीक्षेला जाताना येतो, कुणी टेम्पोची डिलिव्हरी घ्यायला जाताना. शुभ पक्ष्याला दुसऱ्यांच्या घरट्यातली पिल्लं खायला आवडतात, हे मी कुणाला बोललो नाही. चार दिवसांत माझी उधारी वसूल होत होती. सोडायच्या दिवशी नारळ फुटला, फोटोसाठी सहा हात पेटीला लागले. झाकण उघडल्यावर भारद्वाज उडालाच नाही. उतरला, चालत रस्ता ओलांडला आणि समोरच्या उसात शिरला. उपस्थितांना टाळ्या कधी वाजवायच्या ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सगळेच असे चालत जात नाहीत. आलेल्यांतले बरेच मरतात, बहुतेक पहिल्याच रात्री, भीतीने. चिंचेखाली जागा ठरलेली आहे.

पक्षी ठेवून जाताना सगळे म्हणतात, “येतो उद्या चौकशीला.” येत कुणी नाही. एक मुलगी आली. पाचवीत होती. दप्तरातून, कंपासपेटीत कापूस घालून चिमणीचं पिलू घेऊन आलेली. शाळेची कौलं उतरवताना घरटं गेलं होतं, म्हणजे हे खरंच पोरकं. रोज मधल्या सुट्टीत येऊन उभी राहायची. पक्षितज्ज्ञ सलीम अलींचीही सुरुवात अशीच झाली. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी कोणती ते विचारायला पोरगेल्या वयात ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले, आणि तिथल्या मिलार्डसाहेबांनी त्यांना हाकलून दिलं नाही. दुकानात कितीही गर्दी असली तरी मी मिलार्डसाहेब आठवतो. सहाव्या दिवशी पिलू गेलं. मी तिला खरं ते सांगितलं. ती काही बोलली नाही. सोमवारी पुन्हा आली, हातात काही नव्हतं.

“काका, बुलबुलाचं पिलू खाली पडलं होतं.”

“मग?”

“पिसं आलेली होती. कुंपणावर ठेवलं. मांजर हाकललं. आई आली.”

“बुलबुलच होता ना?”

“शिपाई बुलबुल,” ती म्हणाली. “तुम्ही नुसतं बुलबुल म्हणता.”

जाळी विकताना मी आता प्रत्येकाला सांगतो, ताणून बांधा. ढिल्या जाळीत पाखरू गुंततं, ताणलेलीवरून परत फिरतं. गिऱ्हाईक विचारतं, “ताणायचं वेगळं घेता का?” वनखात्याचा १९२६ हा क्रमांक बिलाच्या मागे छापून घेतलाय. तोही फुकट आहे, हे मला दर वेळी सांगावं लागतं.

ती मुलगी यंदा आठवीत गेली. शाळेच्या फाटकाशी उभी राहून, खोकी घेऊन निघालेल्या मोठ्या माणसांना झाकण उघडायला लावते, पिसं बघते आणि कुठे सापडलं ते विचारून तिथेच परत पाठवते. गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे चारच पिल्लं पोचली.